रोकडेआबा आणि आग्नेय कोपऱ्यातली ओल

रोकडेआबा कुणाच्याही घरात शिरले की आधी वर बघायचे. माणसांकडे नंतर. दारात चपला काढतानाच मान मागे जायची, नजर छताला लागायची आणि जमिनीची मोजणी करावी तशी एकेका कोपऱ्यावरून सावकाश फिरायची. घरातला माणूस "या आबा, बसा" म्हणत नुसता उभा. चारही कोपरे झाले की नजर खाली यायची आणि आबा म्हणायचे, "हां. जयभीम. बरं हाय ना समदं?"

कुणी वारलं तरी यात फरक पडत नसे. पलीकडच्या घरातले म्हातारे गेले तेव्हा आबा भेटायला गेले आणि दारातच वर तोंड करून उभे राहिले. आलेल्या पाहुण्यांतल्या एका बाईंना ते बघून भरून आलं. "बघा, देवाला कसा जाब विचारताहेत," असं त्या शेजारणीला म्हणाल्या. मला राहवेना आणि सांगवेना. आबा बौद्ध. वर कुणी बसलंय असं ते मानत नसत. ते पंख्याच्या हुकाशेजारचा डाग बघत होते. बाहेर पडल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "सुरेशराव, हुकापाशी ओल हाय. तेराव्यानंतर मला आठवण करा."

मी आठवण केली नाही तरी चाललं, चौदाव्या दिवशी आबा त्या घराच्या स्लॅबवर होतेच. पण आठवण करायची राहिली म्हणून मी दोन दिवस बेचैन होतो. माझा स्वभावच तसा आहे. गल्लीत कुणाचं मांजर हरवलं तरी मला वाटतं, आपण फाटक उघडं टाकलं होतं का.

आमची गल्ली इंदापुरात, सोलापूर रस्त्याच्या मागच्या अंगाला. मी बाजार समितीत नोकरीला. आबा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी मंगल बारामतीला नर्स. आबा एकटे राहायचे, पण एकटे दिसायचे नाहीत, कारण ते सहसा कुणाच्या तरी डोक्यावर असायचे.

नोकरीत त्यांनी काय केलं असेल तर पंचनामे. पावसाळ्यात तालुक्यात घर पडलं की आबांना पाठवायचे. अर्धी भिंत पडलेली असली की घरमालक म्हणायचा, "आबा, पुरी पडली म्हणून लिहा की. राहिलेली उद्या पडतीयच."

"मग उद्या येतो," आबा म्हणायचे. आणि खरंच दुसऱ्या दिवशी जायचे.

सख्ख्या भावाच्या घराचं पडवीचं टोक ढासळलं तेव्हा आबांनी टोक म्हणूनच लिहिलं. भाऊ वर्षभर बोलला नाही. वहिनी मात्र बोलल्या, पुष्कळ. आबांचं एकच उत्तर, "मी मोक्यावर जाऊन बघितलं. दिसलं त्येवढं लिव्हलं." तालुक्यात लोक म्हणायचे, रोकड्यांच्या आबानं लिहिलं तेवढंच घर पडलं, बाकीचं उभं धरावं.

निवृत्तीनंतर त्यांनी लिहिणं साफ सोडलं. घरात पेनसुद्धा ठेवला नाही. "जलमभर पडलेल्या घरावर जात हुतो. आता पडायच्या आधी जातो," म्हणाले आणि शिडी विकत आणली.

त्यांचा हंगाम ठरलेला. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर खायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी बाहेर काढायची. डोक्याला टोपी, कमरेला गमछा, हातात पिशवी. पिशवीत खुरपं, तारेचा ब्रश, डांबराचा डबा आणि एक जुना टूथब्रश. एकेका घरावर चढून स्लॅबवरचा पाला झाडायचा, पावसाळी पाइपाच्या तोंडातला गाळ हात घालून काढायचा, पत्र्याच्या हुकांवर डांबर थापायचं, भेगा टूथब्रशने घासून सिमेंटने भरायच्या. मग स्लॅबवर बादलीभर पाणी ओतून छत्री उघडायची आणि ते पाणी कुठल्या बाजूला जातंय ते बघत बसायचं. वैशाखाच्या उन्हात, कोरड्या ठणठणीत आभाळाखाली, स्लॅबवर छत्री घेऊन पाण्याकडे बघत बसलेला माणूस नव्या पाहुण्यांना दाखवायला आम्ही मुद्दाम बाहेर न्यायचो.

कुणी आधी तक्रार केली तरी आबांचं तोंडपाठ वाक्य एकच. "मोक्यावर बघावं लागंल." बोलणं सगळं कचेरीतलं. पाणी गळायचं नाही, अतिक्रमण करायचं. भेग सापडली की पाणी "ताब्यात घेतलं". एखाद्या घराचं काम उद्यावर गेलं की "तहकूब".

त्यांचं खरं वैर होतं टीव्हीच्या अँटेनाशी. त्या काळात प्रत्येक स्लॅबवर एक खांब, आणि खांबासाठी स्लॅबला भोकं. आबांच्या मते ही घराच्या डोक्यात खिळे ठोकण्याची विद्या होती. रविवारी सकाळी अख्खी गल्ली टीव्हीपुढे बसली की नेमके आबा खांब हलवून बघायचे. खाली चित्र जाऊन नुसती खरखर. पोरं ओरडायची, "आबा, सोडा, सोडा." वरून शांत आवाज यायचा, "खांब हालतोय. म्हंजी पाणी जातंय. आधी घर बघा, मग शिनिमा."

आणि पिंपळ. कठड्याच्या भेगेत कावळ्याच्या कृपेने पिंपळ उगवतो आणि मुळं आत घालून स्लॅब फोडतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण आमच्या गल्लीत पिंपळ उपटायला कुणाचा हात होत नसे. कुणाला मुंजाची भीती, कुणाला आईची. आबांना तर तो बोधिवृक्ष. पण त्यांनी मार्ग काढला होता. भेगेत दिवसभर पाणी सोडून मूळ सैल करायचे, रोपाला हात जोडायचे, अख्खं मूळ शाबूत काढायचे आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत मातीत लावायचे. "नमस्कार हायच. पन स्लॅबवर न्हाय," असं त्याला समजावून सांगायचे. मग ती पिशवी कुणाला तरी द्यायची. विहाराच्या आवारात जागा उरली नाही तेव्हा त्यांनी लग्नात आहेर म्हणून पिंपळ द्यायला सुरुवात केली. लोणी भापकरकडच्या त्यांच्या भावकीत तर आबा पिशवी घेऊन एसटीतून उतरताना दिसले की लोक दार लोटून घ्यायचे.

एवढं सगळं करून आबा चुकायचे नाहीत असं नाही. एकदा आमच्या स्वयंपाकघराच्या छताला त्यांना पिवळट डाग दिसला. डाग नवा होता, भर उन्हाळ्यातला. आबा चक्रावले. "पाऊस न्हाय, टाकी न्हाय, अन् ओल आली कुठनं?" त्यांनी आमच्या स्लॅबवर दोन दिवस काढले. कोबा ठोकून बघितला, पाणी ओतून बघितलं, कान लावून ऐकलं. आता खरं असं होतं की शालनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या कुकरची शिट्टी उडाली होती आणि वरण छताला लागलं होतं. मी सांगायला निघालो तर शालन म्हणाली, "खबरदार. कुकर उडाला म्हणल्यावर गल्लीतल्या बायका वर्षभर मला वरण शिकवतील." मी गप्प बसलो. वर आबा तापत होते, खाली मी. शेवटी तिसऱ्या दिवशी शालनच विरघळली आणि चहाबरोबर खरं काय ते सांगून टाकलं. आबा बराच वेळ डागाकडे बघत राहिले. "तरीच हळदीचा वास येत हुता," म्हणाले. "म्या म्हनलं सिमिट भेसळीचं आसंल."

मंगलचं लग्नसुद्धा आबांनी असंच ठरवलं होतं. हे मंगलच सांगते आणि अजून रागाने सांगते. एक स्थळ आलं होतं पुण्याकडचं, मोठा बंगला. आबा बैठकीत वर बघत बसले, चहाही न पिता उठले. "ज्या घरात छताचा डाग कुणाला दिसत न्हाय, त्या घरात पोरीचं दुखणं कुणाला दिसंल?" दुसरं स्थळ बारामतीचं. घर साधं पत्र्याचं, पण एकेका हुकाला वायसर आणि त्यावर डांबराचा नीट बसवलेला गोळा. आबांनी मुलाला एवढंच विचारलं, "हे डांबर कुणी लावलं?" तो म्हणाला, "मी." लग्न ठरलं. "बाकीच्यांचे बाप मुलाचा पगार बघतात, शिक्षण बघतात," मंगल म्हणते. "माझ्या बापानं माझा नवरा पत्रा बघून पसंत केला." मग म्हणते, "माणूस चांगला निघाला, ती गोष्ट वेगळी."

तर असे आबा. आयुष्यभर शिड्या चढले आणि घसरले कुठे, तर नळाच्या ओट्यावर. बुद्धपौर्णिमेला आठवडा राहिला असताना, पाणी भरताना. मी तेव्हा बाजार समितीत होतो, तरी तो ओटा आपणच आदल्या दिवशी घासायला हवा होता असं मला वाटलंच. गुडघा सुजला. मंगल येऊन त्यांना बारामतीला घेऊन गेली. गुडघा बरा झाला, पण मंगलच्या मनाने घेतलं. बुद्धपौर्णिमा झाल्यावर तिचा आमच्याकडे फोन आला. रविवारी ती आबांना घेऊन येणार होती, सामान बांधायला. आबा आता कायमचे बारामतीला.

"ताई, थोडं थांबून बघा की," मी म्हणालो. "इथं त्यांचा जीव रमतो."

"दादा, जीव रमतो म्हणून शिडीवरनं पडू द्यायचं का?" मंगल म्हणाली. "आणि आता तिथं त्यांचं काम काय हाय, सांगा. समद्या गल्लीचे स्लॅब पक्के झाले. कुणाचं थेंबभर गळत न्हाय. एकाचं तरी गळत असतं तर मी म्हणलं असतं, राहू द्या, लोकांना गरज हाय."

"आबा काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार. जाऊ की, म्हणतात. तिथं बी छतं हायतच, म्हणतात." मग म्हणाली, "पण दादा, जेवत न्हायत नीट."

मी फोन ठेवला. शालनने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. पांढरंशुभ्र छत. आबांनी इतकी वर्षं राखलेलं. एकाचं तरी गळत असतं तर, असं मंगल म्हणाली होती.

"मग आपलं गळेल," शालन म्हणाली.

माझ्यासारख्या माणसाने स्वतःचं घर गळवायला निघावं, यासारखा विनोद नाही. मी साधा नळ वाहता दिसला तर रस्ता ओलांडून बंद करणारा. पण मी शनिवारी रजा टाकली. पावसाळी पाइपाच्या तोंडात चिंध्या कोंबल्या, वर उसाचं पाचट दाबलं. मग खालून बादल्या वाहून स्लॅबवर तळं केलं. शेजारचे जगतापकाका अंगणात खाट टाकून बघत होते.

"काय चाललंय, सुरेश?"

"कोबा थंड करतोय."

"कर, कर. मासे कधी सोडतोयस?"

संध्याकाळपर्यंत आम्ही खाली आळीपाळीने छताकडे बघत बसलो. थेंब नाही. शालनने टेबलावर चढून हात लावून बघितला. कोरडं. आबांनी कठड्याच्या कडेने सिमेंटची जी गोलाई केली होती, तिला दाद द्यावी तेवढी थोडी. मी पुन्हा वर गेलो आणि एका जुन्या भेगेत खिळा घालून बघितला. खिळा वाकला.

"गळती थांबवायला माणूस मिळतो," शालन म्हणाली, "लावायला मिळत न्हाय. आता खाली या. दुसरं काहीतरी बघू." तिची नजर गॅसवरच्या पातेल्यावर होती. त्यात दुपारचा उरलेला चहा होता.

मी झाडूच्या दांड्याला फडकं बांधलं, चहात बुडवलं आणि बैठकीच्या आग्नेय कोपऱ्यात छताला लावलं. पहिला डाग फार गोल आला. शालन म्हणाली, ओल अशी नसते, तिला पाय फुटतात. मग मी पाय काढले. परवाच वळवाची सर येऊन गेली होती, त्यामुळे गोष्ट जुळत होती. डाग वाळल्यावर इतका खरा दिसायला लागला की मला काळजी वाटायला लागली. वर जाऊन चिंध्या काढल्या, तळं सोडून दिलं.

रविवारी सकाळी मंगल आबांना घेऊन आली. आबा काठी टेकत होते आणि बारीक झाले होते. आधी आमच्याकडे चहा, मग सामान, असं ठरलेलं. मंगल पुढे आत आली. आबा दारात थांबले, चपला काढल्या आणि मान मागे गेली. ईशान्य कोपरा. वायव्य. नैऋत्य. मग नजर आग्नेयला आली आणि थांबली.

मी बोलायला सुरुवात केली. "आबा, ते परवा वळवात…" खोटं बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. शालनने पदराने तोंड पुसलं.

"गळतंय?" मंगलने वर बघितलं. "बाई. हे कधी झालं?"

आबा काठी टेकत आग्नेय कोपऱ्याखाली गेले. बराच वेळ वर बघत राहिले. नाक एकदा किंचित हललं. हा माणूस सख्ख्या भावासाठी हातभर भिंत जास्त लिहिणारा नव्हता. आता ते खरं काय ते सांगणार, मंगल हसणार किंवा रागावणार, आणि तासाभरात बिछान्याची वळकटी रिक्षात चढणार.

आबांनी घसा साफ केला. पाठ ताठ केली. आणि मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच तो आवाज ऐकला, जो कधीकाळी पडक्या घरांसमोर पंचांना ऐकू गेला असेल.

"समक्ष मोक्यावर येऊन पाहणी केली असता," आबा म्हणाले, "सदर घराच्या बैठकीत, आग्नेय कोपऱ्यात, छतास ओल आल्याचे दिसून येते."

इथपर्यंत शब्द न् शब्द खरा होता.

"ओल जुनी नसून ताजी आहे."

हेही खरं होतं.

"ओलीचा रंग तांबूस आहे. घरमालक समक्ष हजर असून घाबरलेले दिसतात."

याहून खरं काही नव्हतं. मग आबा थांबले. काठीवरची त्यांची बोटं एकदा उघडली आणि मिटली.

"कारण," आबा म्हणाले, आणि पुन्हा थांबले. "कारण, पावसाचे पाणी."

मंगल छताकडे बघत नव्हती. ती आबांकडे बघत होती. नर्स आहे ती. माणसाच्या तोंडाकडे बघून बरंच ओळखायची तिची सवय. मग तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"आता हे कोण करणार?" ती म्हणाली.

"मी हाय की," आबा घाईने म्हणाले. "मिरगाच्या आत झालं पायजे. अन् यांचं गळतंय म्हंजी बाकीच्यांचं बी बघावं लागंल. एकाच गवंड्यानं केल्यात समदे."

"तुम्ही शिडीला पाय लावायचा न्हाय."

"न्हाय लावत."

"दादा वर चढतील. तुम्ही खाली खुर्चीत बसून सांगायचं."

"व्हय."

"पावसाळा होईपर्यंत. दिवाळीला परत बोलू."

"व्हय, व्हय. दिवाळीला." आबांनी मान डोलावली. दिवाळी त्यांना पुढच्या जन्मातली वाटत असावी, इतक्या सहज.

त्या वर्षापासून शिडीवर मी असतो. अजून एकाही दिवाळीला ते बोलणं झालेलं नाही. आबा खाली खुर्चीत छत्री उघडून बसतात आणि हुकूम सोडतात. "डावीकडं सरका. अजून. ते पाइपाचं तोंड बघा. हात घाला, हात. लाजताय काय?" मला उंचीची भीती वाटते हे मी कुणाला सांगितलेलं नाही. जगतापकाकांना ते दिसतं, म्हणून ते खाट बाहेर काढतात. अँटेनाच्या जागी आता केबलच्या तारा आल्यात, आबा त्यांच्यावरही खूश नाहीत. मागल्या मे महिन्यात मी पहिला पिंपळ मुळासकट काढला, एक मूळही न तोडता. खाली आणला तेव्हा आबांनी आधी पिंपळाला हात जोडले आणि मग माझ्या पाठीवर थाप मारली. कुणाला पिंपळ हवा असेल तर आमच्याकडे सात-आठ पिशव्या आहेत.

पण मला त्या रविवारचं सांगायचं आहे.

मंगल तासाभराने बारामतीच्या एसटीला गेली. शालन तिला सोडायला स्टँडपर्यंत गेली. घरात आबा आणि मी. मी पुन्हा चहा केला, कारण काहीतरी करायला हवं होतं. आबांनी कप घेतला, बशीत ओतला, फुंकर घातली. मी समोर बसून शब्द जुळवत होतो. माझ्यामुळे या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलावं लागलं, ते कसं सांगायचं, माफी कशी मागायची, याची मी मनात चार वेळा सुरुवात केली.

"सुरेशराव," आबाच म्हणाले. त्यांनी बशी संपवून खाली ठेवली होती.

"हां, आबा."

"चहात साखर लई घालता तुमी."

"बरं," मी म्हणालो.

"मुंग्या लागल्यात." त्यांनी आग्नेय कोपऱ्याकडे बोट केलं. मी वर बघितलं. भिंतीवरून एक बारीक काळी रांग डागापर्यंत गेली होती आणि डागाच्या कडेने, मी काढलेल्या एकेका पायावरून, नीट फिरत होती. ती सकाळपासून तिथे असणार.

"उद्या पुसून घ्या," आबा म्हणाले. "न्हायतर मंगल फुडल्या टायमाला आली की बघंल."

मग त्यांनी काठी घेतली, दारात जाऊन चपला घातल्या आणि आपल्या घराकडे निघाले. निघताना त्यांनी वर बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.